खुंट

मशीन बंद करायचं नाही,
शेठनी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा चिठ्ठीवर लिहून दिलं.
आत आठ खोल्या, शून्य अंशावर निजलेली द्राक्षं,
पहाटे साडेचारला न्हावाशेव्याचा कंटेनर,
आणि दर मिनिटाला प्रत्येक खोलीची थंडी टिपणारा
टेबलाखाली, बारदानाला टेकलेला हा सर्व्हर,
चारशे बारा दिवस पापणी न लवलेला.

त्याच्या आतल्या प्रणालीला आता वाली नाही.
करणाऱ्यांनीच कळवलं, यापुढे दुरुस्त्या येणार नाहीत.
फुकट होती, मोकळी होती,
मोकळ्या माणसासारखी एक दिवस उठून गेली.
तिची एक चुलत बहीण आहे, तितकीच मोकळी.
तिला आणायचं
आणि घरात कुणाला जाग येऊ द्यायची नाही.

ओझरच्या पुढे, हायवेपासून आत,
रात्री अकराला मी पहिली कमांड लिहिली.
वॉचमन पुंजाजी निमसे स्टूल ओढून बसले.
"चालू ठेवूनच बदलणार?"
"हो."
"सगळं?"
"सगळं."
त्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

पत्ता बदलला : सामान कुठून मागवायचं त्याचा.
मग एकेक पॅकेज उतरत गेलं, चढत गेलं,
सहाशे चाळीस, त्यातली निम्मी मला नावानंही माहीत नव्हती.
साडेबाराला मधेच काही तुटलं.
फाईलींची यादी मागितली
तर म्हणाला, अशी कमांडच नाही.
बसलेली फांदी मीच कापली होती.
पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला,
आणि भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर.

पण नोंदी पडत होत्या.
ज्या फाईलीतून तो प्रोग्राम उठला होता ती पुसली गेली होती,
तो मात्र चालत होता, स्मृतीतून,
धरणात गाव गेलेल्या माणसाच्या पायांना
जुन्या गल्ल्या पाठ असाव्यात तसा.
माझं टर्मिनलही तसंच. बंद केलं असतं
तर परत उघडलं नसतं.
लघवीलाही उठले नाही.

पुंजाजी म्हणाले, "मी वीस वर्षं पाचर कलम केलं.
खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनची काडी, पट्टी गच्च.
आम्ही खुंट ठेवतो, वरचं बदलतो.
तुम्ही वेल तशीच ठेवून
खालून खुंट काढताय, मॅडम.
अन् वेलीला घड लागलेले."
मी हसले नाही. त्यांनीही हसायला सांगितलं नव्हतं.

दीडला यादी परत आली.
ई-टी-सी मधली जुनी सेटिंगं एकेक उघडून पाहिली,
आणि एकीत, ओळ एकोणतिसावर, इरफान अत्तार भेटला.
त्याने हे सगळं बसवलं होतं, मग मस्कतला गेला.
त्याने लिहिलं होतं :
'चार नंबरचा सेन्सर दोन अंश खोटं बोलतो.
त्याला रागवू नका. वजा करा. – इ.'
ही ओळ नव्या प्रणालीला कळत नाही,
जुनीलाही कळत नव्हती.
मी जशीच्या तशी ठेवली.

आता एकच उरलं, कर्नल. त्याला मात्र
एकदा डोळे मिटावेच लागतात.
शेठची चिठ्ठी मी उलटी करून ठेवली.
दोन वाजून सोळा मिनिटं, नोंद पडली,
आणि मी रिबूट म्हटलं.
पिंगला उत्तर नाही.
नाही.
पुंजाजींनी बॅटरी लावून तीन नंबरच्या दाराचा काटा पाहिला,
जणू ते त्यांच्या हातात होतं.
नाही.
एक्काहत्तराव्या सेकंदाला तो म्हणाला, आहे.

दोन सतराचा रकाना रिकामा आहे.
आधीच्या आणि नंतरच्या आकड्याची सरासरी काढून
भरता आला असता, कुणाला कळलंही नसतं.
शेठ विचारतील.

कंटेनर पावणेपाचला आला.
चार नंबरची खोली पडद्यावर दोन अंश दाखवत होती,
मी वजा केले.
पुंजाजी फाटक उघडायला गेले, जाताना बाहेरून विचारलं,
"धरलं का कलम?"
"आठ दिवसांनी सांगते," म्हटलं.
"पंधरा," ते म्हणाले.